बाबांच्या गाडीचा निळा फ्यूज

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं ताई, तू होय! हा कुणाचा नंबर?… शेजारच्या तिनीवहिनींचा? मला वाटलं कुणी गिऱ्हाईक… हो, दुकानातच आहे. बोल ना, पण पटकन बोल, समोर एक बाई रंगासाठी खोळंबल्यात.

थांब हं एक मिनिट… झालंच बाई, डबा यंत्रात लावलाय. पिस्ताच म्हणालात ना?… बसा, पंखा आहे तिथे बसा… हं, बोल ताई.

कुठली गाडी?… आपली? आपली हिरवी?… आज कशाला सुरू करायचीय ती?

…

या अल्ला. आज आहे चाळिसावा? मंगुनकाकांचा?… नाही गं, विसरेन कसा? लक्षात होतं. आज आहे एवढंच लक्षात नव्हतं.

बाबा कपडे करून बसलेत?… केव्हापासून?… दुपारच्या जेवणापासून? बाटिकचा सदरा, काळी टोपी, सगळं?… आणि बसलेत कुठे, गाडीतच?… हं… नाही, आहे मी. ऐकतोय ना.

काकूंनी निरोप पाठवला? काय म्हणाल्या?… 'दफनाला आला नाहीत, निदान चाळिसाव्याला तरी या.'… असं म्हणाल्या?… पण ताई, दफनाला का नाही गेले बाबा? तू तर मला म्हणालीस त्यांचं अंग मोडून आलं होतं… मग सांगशील? बरं, मग सांग.

दुसऱ्या कुणाची गाडी नाही का मिळत? गावप्रमुखांची?… शहरात गेलीय. आणि ती दूधवाल्याची… बंद पडलीय. छान! मग तू मोटरसायकलवर घेऊन… हो हो, गुडघा. गुडघा वाकत नाही त्यांचा, विसरलोच. आणि सागाच्या डोंगरावरचा रस्ता, बरोबर आहे, नाही जमायचं… ओरडू नकोस ना, मी सुचवत होतो फक्त.

तो पार्ट?… कुठला पार्ट?… अच्छा, तो! सुराबायाहून यायचा होता तो… हो, मीच म्हणालो होतो मी बघतो म्हणून. बघतोच आहे. अगं, तो दुकानदारच म्हणतो आज येईल, उद्या येईल… दोन महिने? झाले का दोन महिने?… ईदला आलो होतो तेव्हापासून… हो, झालेच म्हणायचे.

मेकॅनिकला बोलाव ना… लग्नाला गेलाय? सगळं गाव आजच कुठे कुठे गेलंय की काय!… नाही गं, टाळत कशाला असेन? मी इथे बसून काय करणार, तूच सांग.

बरं… बरं, अगं ऐक ना. रडू नकोस. रडू नकोस ताई, तू रडलीस की मला काही सुचत नाही. बघू आपण. आत्ता कुठे आहेस तू?… स्टिअरिंगसमोर? आणि बाबा?… मागे नमाजासाठी हातपाय धुतायत. म्हणजे वेळ आहे थोडा… फोनची बॅटरी किती आहे?… तिनीवहिनींनी फोन चार्ज करायचा की नाही कधी!

ठीक आहे. चावी लाव. एक टप्पा फिरव, सगळी नको… दिवे लागले डॅशबोर्डवर? लख्ख लागले की मिणमिणते?… लख्ख. हॉर्न दे… आला ऐकू. चांगला येतोय. म्हणजे बॅटरी… असेल बॅटरीच थोडी उतरलेली… कसं म्हणजे? असते कधीकधी… हो, हॉर्न एवढा वाजतोय म्हणजे नसेलही. तुझं बरोबर आहे.

आता सेल्फ मार… मार मार… खर्रर्र करतंय. इंजिन फिरतंय की व्यवस्थित. फिरतंय पण पकडत नाही… बास, बास, सोड. सारखा सेल्फ मारू नकोस, खरंच बॅटरी उतरेल.

पेट्रोल आहे ना?… अर्धी टाकी. बाबा दर शुक्रवारी गाडी पुसतात?… बंद गाडी?… टायरमध्ये हवासुद्धा भरली?… हं.

आता असं कर. चावी पूर्ण बंद कर. हं. आता पुन्हा एकच टप्पा फिरव, आणि मागच्या सीटकडे कान दे. मागच्या सीटखाली टाकीत पंप असतो, पेट्रोल पुढे ढकलणारा. चावी फिरवली की क्षणभर 'हूंऽऽ' असा आवाज येतो, माशी डब्यात अडकल्यासारखा… नाही आला? परत कर… नाही आला. काहीच नाही.

नाही, आश्चर्य नाही वाटलं. म्हणजे… वाटलं ना.

हे बघ, तो आवाज नाही, म्हणजे पंपाला वीजच पोचत नाही. पंप बिघडला असेल, नाहीतर… नाहीतर फ्यूज. आधी फ्यूज बघायचा असतो, तो स्वस्तात सुटतो… चावी बंद कर. काढून बाहेर ठेव. झाली? आता तुझ्या उजव्या गुडघ्यापाशी, स्टिअरिंगच्या खाली, एक काळं झाकण आहे. नखाने ओढ… ओढ गं, मोडत नाही. निघालं? आत रंगीबेरंगी बारीक तुकडे दिसतात ना, लाल, पिवळे, निळे? ते फ्यूज. प्रत्येकाच्या पोटात एक तार असते. तार तुटली की फ्यूज उडाला.

आता दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरा बघ.

… काय दिसतंय?

… रिकामं?

… म्हणजे तिथे काहीच नाहीये. बरं. पडला असेल. खड्ड्यातून गेलं की… फ्यूज पडत नाही? हो, तसा तो घट्टच बसतो… हो, दोन बोटांनी ओढला तरी निघत नाही, खरंय…

काय?

… नाही, झाकणाच्या आत नकाशा असतो ना, कुठला फ्यूज कशाचा… तू झाकण वाचलंच नाहीस अजून. हो. मी आधीच दुसरी ओळ म्हणालो… अंदाजाने… ताई… सगळ्या गाड्यांत जवळपास तिथेच…

…

ताई, तिनीवहिनी आहेत का जवळ? जरा लांब जा त्यांच्यापासून.

मी काढला.

मी काढला, ताई. ईदच्या नंतर निघायच्या दिवशी, पहाटे, तुम्ही सगळे आत होतात तेव्हा… माझ्याकडे आहे. पाकिटात आहे, नाण्यांच्या कप्प्यात… हो, इतके दिवस पाकिटात घेऊन फिरतोय. रोज काही विकत घेताना हाताला लागतो.

पार्ट वगैरे काही नाही. काही बिघडलंच नव्हतं.

शिव्या दे मला, हव्या तेवढ्या दे.

कशासाठी म्हणजे? तूच म्हणाली होतीस ना! आठव. 'सेत्यो, बाबा रस्त्यावर वाळत घातलेल्या भातावरून गाडी घेऊन गेले आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. कालव्याच्या कठड्याला घासली गाडी. डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टरकडे जात नाहीत. तू काहीतरी कर, पण त्यांना बोलू नकोस.' हेच शब्द होते तुझे. 'पण त्यांना बोलू नकोस'… नाही, मी तुझ्यावर ढकलत नाहीये… ढकलतोय. बरं, ढकलतोय थोडं. पण मी तरी काय करणार होतो? ज्या माणसाने तीस वर्षं बाजाराच्या प्रवाशांची गाडी चालवून आपल्याला वाढवलं, त्यांच्यासमोर बसायचं आणि म्हणायचं, 'बाबा, तुम्हाला आता गाडी येत नाही'? आपल्या घरात कुणी कुणाला तोंडावर काही बोललंय कधी? भात करपला तरी आपण 'वास छान येतोय' म्हणतो.

मला वाटलं, गाडी आजारी पडली की कुणाचं मन दुखायला नको. बाबा म्हणतील गाडी बिघडली, लोक म्हणतील गाडी बिघडली. हळूहळू सवय होईल… मूर्खपणा आहे, कळतंय मला. तेव्हा नाही कळलं.

हो बाई, आलोच… नाही, रंग होतोय… दोन मिनिटं फक्त. घरचा फोन आहे, माफ करा.

… सांग ना आता. दफनाच्या दिवशी काय झालं?

…

बाजाराचा दिवस होता… गावात एकही गाडी नाही… तू बालवाडीत शिकवायला गेली होतीस, बरोबर.

… बाबा फाटकात उभे होते?

टोपी घालून. किती वेळ?… तू परत येईपर्यंत. आणि तिकडे दफन आटोपलं होतं… येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगत होते?… 'गाडी आजारी आहे.'

… ताई, हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?… मला वाईट वाटेल म्हणून. वाः! तू मला बोलली नाहीस, मी बाबांना बोललो नाही, बाबा तर जन्मात कुणाला बोलले नाहीत. एवढे सभ्य लोक एका घरात, आणि मंगुनकाका एकटे गेले.

एकटे कसे नाही? बाबा नव्हते म्हणजे एकटेच. जन्मभर त्यांच्या गाडीचा कंडक्टर होता तो माणूस. दारात लोंबकळायचे आठवतं ना, एका हाताने दांडी धरून, मला दुसऱ्या काखेत मारून? माणसं चढली की पत्र्यावर दोन थापा, टप टप, आणि बाबा मागे वळूनसुद्धा न बघता गाडी सोडायचे. मंगुनने थाप मारली म्हणजे झालं… मीच. मी अडवलं त्यांना. एवढ्याशा निळ्या तुकड्याने.

नाही, रडत नाहीये. रंगाचा वास आहे इथे.

बरं. ऐक, ऐक ना, अजून वेळ आहे. प्रार्थना संध्याकाळच्या नमाजानंतर ना? मग पोचाल. त्याच ओळीत बघ, सिगारेट पेटवायच्या लायटरचा फ्यूज असेल. झाकणावर सिगारेटचं चित्र आहे त्याच्या खुणेवर. बाबांनी सिगारेट सोडली, त्याचं काही अडत नाही आता. तो काढून रिकाम्या जागी लावायचा. निळाच आहे ना? आणि वर पंधरा लिहिलंय? पंधराच हवा. पिवळा नको, तो विसाचा, तो लावला तर तार जळेपर्यंत फ्यूज गप्प बसतो… हो, पंधरा. झाकणातच पांढरा प्लॅस्टिकचा चिमटा असतो बघ… नाहीये? तो… तोही मीच नेला असेन. तुझा भुवयांचा चिमटा आण ना. पर्समध्ये आहे? शाबास. चावी बाहेर आहे ना? मग ओढ. सरळ ओढ, वाकडा नको… निघत नाही? हलव थोडा…

काय झालं?

कोण आलं?… बाबा? नमाज झाला एवढ्यात?… ताई, झाकण लाव. लाव पटकन! त्यांना म्हण, सेत्यो म्हणतोय की… म्हण की पार्ट… नाही, फोन नको देऊस. ताई, नको ना, मी नंतर करतो, मी रात्री… ताई!

…

जी बाबा. सलाम.

हो, बरा आहे… जेवलो… टेंपे, भात. हो, पोटभर… सूनबाई बरी आहे, तुम्हाला सलाम सांगितलाय… नाही, पाऊस नाही इकडे, उकडतंय फार… तिकडे पडला? भात कापून झाला का सगळ्यांचा?… बरं… बरं… कोंबड्या? हो, ऐकलं. दोन नेल्या मुंगसाने… वाईट झालं…

जी?

… हो, ताई सांगत होती. गाडीचंच… नाही, मी तिला म्हणत होतो… फ्यूज बघ म्हणून…

जी. रिकामाच आहे.

…

तुमच्याकडे आहे? काय आहे?

… फ्यूज? कुठे?… सदऱ्याच्या खिशात?

बाबा, तुम्ही कधी आणला?

… मी गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

… हो. हो, बाबा. पंपाचा आवाज आला नाही, तेव्हाच कळलं तुम्हाला. कळणारच. तीस वर्षं… मी कुणाला फसवायला निघालो होतो, नाही का?

पण मग… खिशात होता, तर लावला का नाहीत?… नाही बाबा, सांगा ना. मंगुनकाकांच्या दिवशी… त्या दिवशीसुद्धा खिशात होता?

…

ऐकतोय, बाबा.

… हो. मशिदीत मीच सगळ्यांना सांगितलं होतं, त्याच शुक्रवारी, निघण्याआधी. पार्ट सुराबायाहून यायचाय, मी स्वतः पाठवणार आहे… हो, फुशारकीने. गाडी घेऊन तुम्ही दफनाला गेला असतात तर लोकांनी विचारलं असतं…

मी खोटा पडलो असतो.

माझ्यासाठी? तुम्ही माझ्यासाठी फाटकात उभे राहिलात?

… बाबा, मला खोटा पडू द्यायचं होतं. मी होतोच खोटा. मंगुनकाकांपेक्षा माझी अब्रू मोठी होती का?… 'काढलास तू, लावायलाही तूच येशील असं वाटलं.' … हो. चाळिसाव्याला तरी मी येईन, असं वाटलं होतं तुम्हाला. म्हणून दुपारपासून बसला होतात… गाडीची नाही, माझी वाट बघत.

नाही आलो. दुकानात… नाही, दुकानाचं काही नव्हतं. मालकांनी सुट्टी दिली असती. तुमच्यासमोर यायची हिंमत नव्हती, बाबा. गाडी सुरू करा म्हणाला असतात तर काय केलं असतं मी?

… आत्ता? फोनवर?

… जे तेव्हा सांगायचं होतं, ते?

बाई, प्लीज, एक मिनिट. एकच मिनिट.

बाबा… बोलतो. बोलतोय… रागावणार नाही ना?

बाबा, तुम्ही आता गाडी चालवू नका. तुम्हाला दिसत नाही नीट. मला भीती वाटते. रात्री फोन वाजला की पहिली तुमचीच भीती वाटते.

…

हो. एवढंच.

… हो, एवढ्यासाठी. एवढं एक वाक्य.

… काय केलंत? चावी? उचलून कायमची देऊन टाकलीत? कुणाला?… ताईला? आत्ता?… बाबा, अहो पण… मागितली असती तर तेव्हाही दिली असतीत?

…

नाही, काही नाही. विचारलं आपलं.

येतं तिला, हो. तुम्हीच शिकवलंय. डोंगरावर दुसऱ्या गिअरमध्ये ठेव म्हणावं, आणि उतारावर… बरं, तुम्ही सांगालच. तुम्हाला रस्ता पाठ आहे, तिला डोळे आहेत… हसताय?

बाबा, तिकडे मंगुनकाकांच्या कबरीपाशी जाल ना? त्यांना माझ्याकडून सांगा, की… काय?… नाही सांगणार?

… मी स्वतः येऊन सांगू. हो.

येतो. या शनिवारी येतो. पोस्टाने नाही, स्वतः आणतो फ्यूज. हातात देतो तुमच्या… डॉक्टरकडेही जाऊ. न बोलता नाही, बोलून जाऊ. चालेल?

… दाबून बसवा तो. दोन्ही पाय आत गेले पाहिजेत… सॉरी. तुम्हाला काय सांगतोय मी!

बाबा, एक करा ना. ताईने चावी फिरवली की फोन जरा मागच्या सीटकडे धरा. मला ऐकायचंय…

… आलं. हूंऽऽ… आलं ऐकू.

सुरू झाली! एका सेल्फमध्ये!… ताई, सावकाश गं, क्लच एकदम सोडू नकोस… बाबा बसले ना? डावीकडे बसले? दाराकडच्या सीटवर?… मंगुनकाकांच्या बाजूला… हो…

बॅटरी? ठेवतो, ठेवतो. तिनीवहिनींचा फोन परत द्यायला विसरू नका. बाबा, काकूंना सलाम सांगा, म्हणावं…

काय आवाज झाला तो?

बाबा, तुम्ही मारली?… पत्र्यावर?… दोन…

हॅलो?… बाबा?… हॅलो?…